कुकरची रिंग आणि गाडीची नळी

टर्बो बसवलेली डिझेल गाडी घाट चढताना कधीकधी अचानक दमते. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढत नाही, मागून काळा धूर निघतो आणि बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये नेऊन जागच्या जागी इंजिन सुरू केले, तर मात्र सगळे ठीक! असे का व्हावे? पुष्कळदा याचे कारण असते हातभर लांबीची एक रबरी नळी. ती घरी बदलता येते आणि ती बदलताना आपल्या पाठ्यपुस्तकातले बरेच विज्ञान कामाला लागते.

इंजिनाला हवा किती लागते?

पुण्याजवळच्या रांजणगावला पूर्वी तयार होत असलेले १२४८ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन घेऊ. २०२० मध्ये भारत स्टेज ६ नियम लागू झाल्यापासून ते आपल्याकडच्या नव्या गाड्यांत बसवले जात नाही, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना सिलिंडर एकदा हवेने भरतात. मिनिटाला ३००० फेरे धरले तर १५०० वेळा, म्हणजे मिनिटाला सुमारे १८७० लिटर हवा आत जाते.

जास्त शक्ती हवी असेल तर जास्त डिझेल जाळावे लागते आणि त्यासाठी हवाही जास्त लागते. ही अडचण सोडवण्यासाठी स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये एक पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात भरायची. हाच टर्बोचार्जर.

पण सायकलचा पंप मारताना तो खालून गरम होतो, हे आपण जाणतोच. २७° से. ची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली की तिचे तापमान सुमारे १२०° से. होते. आता गणित करा. केल्व्हिनमध्ये ही तापमाने ३०० आणि ३९३. दाब दुप्पट झाला, पण घनता वाढली फक्त २ × ३०० ÷ ३९३, म्हणजे सुमारे दीडपट. तीच हवा ५०° से. पर्यंत (३२३ केल्व्हिन) थंड केली तर घनता सुमारे १.८६ पट होते. हे थंड करण्याचे काम इंटरकूलर करतो. तो दिसायला रेडिएटरसारखाच असतो, फक्त त्याच्या नळ्यांतून पाण्याऐवजी हवा जाते.

नळीवर येणारा ताण

इंजिन रबरी आधारांवर बसलेले असते, त्यामुळे ते हलते. इंटरकूलर मात्र गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो. दोघांना जोडणारी नळी म्हणून लवचीक असावी लागते. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या नळीत बाहेरच्यापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब आणि १२०° से. तापमान असते. शिट्टी होण्याच्या बेतात असलेल्या प्रेशर कुकरमध्येही जवळजवळ हेच आकडे असतात! कुकरची रिंग काही महिन्यांनी कडक होते आणि वाफ सोडू लागते. नळीचेही तेच होते.

रबराचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. त्या गंधकाने एकमेकींना जोडून रबर टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. उष्णता आणि ऑक्सिजन यांच्यामुळे वर्षानुवर्षे हे जोड वाढत जातात किंवा साखळ्याच तुटतात. मग रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. इंजिन जागेवर चालू असताना नळीत दाब फारसा नसतो, म्हणून भेग मिटलेली राहते. चढावर दाब वाढला की ती उघडते. हवेचे मोजमाप करणारे उपकरण या नळीच्या आधी बसवलेले असते. मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने फवारले जाते. न जळालेला कार्बन म्हणजेच तो काळा धूर. तो गाडीमागून चालणाऱ्यांच्या फुप्फुसांत जातो.

सिलिकोन वेगळे का?

सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि सिलिकोन हा त्यापासून केलेला पदार्थ. नावांत गल्लत करू नये. सिलिकोनच्या साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंचा असतो. वाळूतही हाच बंध आहे. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलला सुमारे ३५० किलोजूल लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५०. त्यामुळे सिलिकोन रबर १८०° से. च्या आसपासही दीर्घकाळ लवचीक राहते. कापडाचे थर घातलेली नळी दाबाने फुगतही नाही.

मात्र सिलिकोन सर्वगुणसंपन्न नाही. ते सहज चिरते आणि तेलाने फुगते. टर्बोच्या हवेत इंजिन ऑइलचा थोडा अंश असतोच, म्हणून आतून फ्लुओरोसिलिकोनचे अस्तर असलेली नळी घ्यावी. आणखी एक गोष्ट: नव्या नळीने गाडीची शक्ती वाढत नाही, हरवलेली परत मिळते एवढेच.

नळी बदलताना

आम्ही हे काम करताना पाळलेला क्रम असा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. जुनी नळी कोणत्या बाजूने कशी बसली होती ते खडूने आखून ठेवावे. ज्या धातूच्या तोंडांवर नळी बसते त्यांचा बाहेरचा व्यास मोजावा. दोन्ही टोकांचे व्यास वेगळे असू शकतात. जुनी नळी काढल्यावर आत पाहावे. तेलाचा हलका ओशटपणा चालतो, पण तेल साचलेले असेल तर टर्बो तपासून घ्यावा, कारण तो दोष नळी बदलून जाणार नाही. तोंडे कोरडी पुसावीत आणि उघड्या तोंडांत चिंधी किंवा स्क्रू राहिला नाही ना, हे पाहावे.

आता क्लिपकडे वळू. नळीचा आतला व्यास ५ सेंटिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौ. सेंटिमीटर. एक बार म्हणजे दर चौ. सेंटिमीटरला १० न्यूटन. म्हणजे नळी निसटवणारे बल सुमारे १९६ न्यूटन, साधारण २० किलोच्या पोत्याच्या वजनाएवढे! म्हणून तोंडावर उंचवटा असतो आणि क्लिप त्याच्या पलीकडे बसवावी लागते. खाचा पाडलेल्या पट्टीत सिलिकोन घुसून चिरते, तेव्हा सपाट पट्टीची क्लिप घ्यावी. तेल किंवा ग्रीस लावू नये, नळी निसटते. नळी एग्झॉस्टला, पंख्याला किंवा पट्ट्याला घासत नाही ना, हे पाहावे. दाबाखाली सिलिकोन थोडे दबते, म्हणून काही दिवसांनी, इंजिन थंड असताना, क्लिप पुन्हा तपासावी.

वर्गात करून पाहा

१. कुकरच्या जुन्या सिलिकोन रिंगचे दोन सारखे तुकडे कापा. एक रॉकेलमध्ये आणि एक पाण्यात, झाकणाच्या बाटलीत आठवडाभर ठेवा. रोज लांबी मोजून आलेख काढा. (रॉकेल शिक्षकांनीच हाताळावे, ज्योतीपासून दूर.)

२. वरच्या उदाहरणात पुरा जोर लावला असता हे इंजिन तुमच्या वर्गातली सगळी हवा किती मिनिटांत ओढून घेईल? ६ × ६ × ३ मीटरच्या खोलीसाठी आमचे उत्तर सुमारे ३१ मिनिटे, म्हणजे जेमतेम अर्धा तास! तुमच्या वर्गासाठी किती येते?