बॉनेटवरची वर्तुळं

संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात गडद रंगाची गाडी उभी असेल, तर बॉनेटमधल्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे जरा निरखून बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चऱ्यांची वर्तुळं दिसतील. आता मान थोडी डावीकडे न्या. वर्तुळंही डावीकडे सरकतात. म्हणजे खरं तर ती वर्तुळं नव्हेतच. चरे बॉनेटभर वाटेल त्या दिशेनं पडलेले असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात आणि आपले डोळे त्यांचा गोल जुळवतात.

हे चरे बहुतेक फडक्यातूनच येतात. सोसायटीत रोज पहाटे एक बादली, एक ओलं फडकं आणि दहा-बारा गाड्या असा हिशेब असतो. पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीवर घासली जाते. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू रंगाहून कठीण. पुसणाऱ्याला बोल लावण्यात मात्र अर्थ नाही. माझी गाडी मीच पुसत होतो तेव्हाही वर्तुळं होतीच.

गॅरेजात यावर ‘रबिंग-पॉलिश’ सुचवतात, आणि त्या एका शब्दात घासणं, पॉलिश, वॅक्स असं सगळं उरकून जातं. त्यामुळे काहीतरी चोपडलं की चमक येते, असा आपला समज होतो. पॉलिश आणि वॅक्स ही उलट्या दिशेची कामं आहेत. पॉलिश थर काढतं, वॅक्स थर चढवतं. वॅक्सनं चरा जात नाही, फार तर चार दिवस बुजतो. पॉलिशचं यंत्र, म्हणजे बफर, हातात घेण्याआधी एवढं डोक्यात पक्कं हवं.

काढायचं ते किती, हे कळण्यासाठी रंग कसा बसलेला असतो ते पाहू. कारखान्यात पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर विजेच्या साहाय्यानं बसवतात, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर कोट 40 मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या केसाच्या जाडीत चालतो. पॉलिश करताना चऱ्याच्या दोन्ही काठांची उंची उतरवून पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत सपाट आणायचा असतो. सहाणेवरच्या चंदनासारखा क्लिअर कोट दर खेपेला थोडा झिजतो, आणि तो परत येत नाही. नखाला अडकणारा ओरखडा त्यामुळे बफरनं घालवायला जाऊ नये. तो पार काढायचा तर खालचा रंग उघडा पडेल.

पूर्वीच्या पद्मिनी-अँबेसेडरवर क्लिअर कोट नसे. कॉम्पाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, लावलं की फडक्याला गाडीचाच रंग लागे. आजच्या गाडीवर घासताना फडक्याला रंग लागला, तर हात तिथेच थांबवावा.

आता यंत्र. बफर मुख्यतः दोन जातींचे. रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतं. काम झपाट्यानं होतं, पण पॅड एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की उष्णता साठते आणि रंग जळतो. दुसरा ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतंच, शिवाय अख्खं पॅड एका लहान घेऱ्यात हेलकावतं. हा घेरा 8, 15 किंवा 21 मिलीमीटरचा असतो. जास्त दाब पडला की बहुतेक डीएंचं फिरणं मंदावतं, नुसता थरथराट उरतो. यंत्र जणू आपणहून हात आखडता घेतं. घरी काम करणाऱ्यानं डीएच घ्यावा. मी सुरुवातीला एका ओळखीच्यांकडून रोटरी आणला आणि बॉनेटच्या कडेला बोटभर लांबीचा पांढुरका पट्टा उमटवून ठेवला. तो अजून आहे. काही जण ग्राइंडरलाच फोमचं पॅड जोडतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000च्या आसपास फेरे घेतो. रंगाला दोनेक हजारसुद्धा पुष्कळ होतात.

सगळ्यात कंटाळवाणा भाग तयारीचा, आणि तोच चुकवला जातो. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागेल अशी हवी. आधी पाण्याच्या धारेनं धूळ घालवा, मग शाम्पूनं धुवा. एक बादली शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळायची. पुसून झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. गुळगुळीत दिसणारा पत्रा खरखरीत लागेल. ब्रेकच्या धातूचे कण, डांबराचे थेंब, झाडाचा चीक असं बरंच रंगात रुतलेलं असतं. ते क्ले नावाच्या मातीसारख्या वडीनं निघतं. शाम्पूचं पाणी फवारत, जोर न देता वडी फिरवायची, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. वडी जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्या. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग असतील, तर पाणी घातलेलं व्हिनेगर लावून पुसावं आणि पुन्हा धुवावं.

मग मास्किंग टेप. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा झाकायच्या. प्लास्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरं होतं आणि सहज निघत नाही. कडांवर तर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा भार तेवढ्याशा जागी येतो. प्लास्टिकच्या बंपरवर आणखी सांभाळून, कारण पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक धरून ठेवतं.

पॅड तीन तऱ्हांची मिळतात: लोकरीचं, मायक्रोफायबरचं आणि फोमचं. फोममध्येही कडक, मध्यम, मऊ असतात. पॅडच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. आधी दीडेक फुटाच्या एका चौकोनावर मध्यम फोम आणि बारीक पॉलिश वापरून बघा. चरे गेले तर तेवढ्यावरच संपूर्ण गाडी करायची. नाही गेले तरच कडक पॅड किंवा कॉम्पाउंड. घाईत लोक उलटं करतात, सुरुवातच कॉम्पाउंडनं.

नव्या पॅडला आधी पॉलिश चोळून घ्यायचं, नंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर ती दरवाजावर नवे चरे काढते. पॅड पत्र्याला टेकवूनच बटण दाबायचं. हवेत सुरू केलंत तर पॉलिशचे शिंतोडे शेजारच्या गाडीपर्यंत जातात. कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग डायलवरचा वेग 4 किंवा 5 वर न्या. आडव्या रेघांनी चौकोन पूर्ण करा, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर अर्धी चढलेली. मग उभ्या रेघा. अशा चार ते सहा फेऱ्या. हात किती हळू चालवायचा? सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. सुरुवातीला हे इतकं संथ वाटतं की आपण उगाच उभे आहोत असं वाटायला लागतं. पॅड पूर्ण सपाट राहिलं पाहिजे. त्याच्या पाठीवर पेनानं एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसत असेल तर दाब बरोबर, थांबली तर जास्त.

चौकोन झाला की मायक्रोफायबरनं पुसा आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून पुन्हा एक हात मारा. हे दुसरं पुसणं टाळू नका. पॉलिशमधलं तेल उरलेले चरे बुजवतं, आणि संध्याकाळी खूश होऊन घरात गेलेला माणूस दोन धुण्यांनंतर पुन्हा वर्तुळं मोजत बसतो. दर दोन-तीन चौकोनांनंतर पॅड ब्रशनं झटका, नाहीतर निघालेला रंगाचा भुगाच नवे चरे पाडतो. मधूनमधून पत्र्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

यानंतर वॅक्स, आणि त्याचं काम सोपं. वॅक्समधलं नावाजलेलं म्हणजे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण 80 अंश सेल्सिअसच्याही वर वितळतं, मधमाश्यांचं मेण त्याच्या कितीतरी आधी. उन्हात तापणाऱ्या बॉनेटला ते बरं. नवं मऊ पॅड, सर्वांत कमी वेग, दाब जवळपास नाहीच. थर इतका पातळ हवा की लावलंय की नाही अशी शंका यावी. जाड थरानं जास्त चमक येत नाही, पुसताना घाम मात्र येतो. काही मिनिटांनी त्यावर धुकट साय धरते. बोट फिरवून बघा: खालचा रंग स्वच्छ दिसला तर पुसायची वेळ झाली, बोटानं फराटा ओढला गेला तर अजून थांबा.

वॅक्स आहे तोवर पाऊस बॉनेटवर टपोऱ्या गोल थेंबांनी उभा राहतो. पाणी थेंब न धरता चादरीसारखं पसरायला लागलं की नवं वॅक्स लावायचं. त्या वेळी पॉलिशची बाटली फळीवरून खाली काढू नये.