बोर्ड म्हणजे काय काय?

गुरुजींनी विचारले, "बोर्ड म्हणजे काय?" आम्ही सगळ्यांनी एकदम फळ्याकडे बोट दाखवले. घरी आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी बोर्डाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो." मला वाटलं, त्यांच्या शाळेत नुसता फळाच होता की काय! दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहितो.

बोर्ड हा इंग्रजी शब्द. त्याचा मूळ अर्थ लाकडाची फळी. काळा फळा म्हणजे ब्लॅकबोर्ड. सोंगट्यांचा तो कॅरमबोर्ड. दिव्याची बटणे असतात तो स्विचबोर्ड.

पूर्वी इंग्रज लोक जेवणाच्या टेबलालाही बोर्ड म्हणत, कारण ते फळ्यांचेच. मग जेवणालाच बोर्ड म्हणू लागले. तालुक्याला 'लॉजिंग बोर्डिंग' लिहिलेले दिसते ना? लॉजिंग म्हणजे राहणे आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात गरीब मुलांसाठी बोर्डिंग काढले. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत.

टेबलाभोवती बसून जे लोक कारभार बघतात, त्यांनाही बोर्ड म्हणतात. आपण त्याला मंडळ म्हणतो. दहावीची परीक्षा मंडळ घेते, म्हणून ती बोर्डाची परीक्षा. आजोबांच्या लहानपणी गावोगावच्या शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे होत्या. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. बोर्ड गेले, पण आजोबांच्या तोंडी राहिले.

आणखी एक बोर्ड म्हणजे एसटीची पाटी. माझी आजी शाळेत गेली नाही. तिला कुणी पाठवलेच नाही. मागच्या वर्षी ती दवाखान्यातून येताना भलत्याच गाडीत बसली. तिकीट काढताना समजले. मधेच उतरून भर उन्हात चालत आली. घरी पाणी प्यायली आणि म्हणाली, "बोर्ड वाचता आला असता तर!"

मराठीत गाडीचा बोर्डही पाटी आणि आपण लिहितो तीही पाटीच. म्हणून मी रोज संध्याकाळी माझ्या पाटीवर आजीला अक्षरे काढून देतो. आपल्या गावाचे नाव तिला आता वाचता येते. परवा स्टँडवर एसटी आली, तेव्हा माझ्या आधी तीच म्हणाली, "चल रे, ही आपली गाडी."

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी