सत्तावन्न किलोचा पैलवान

मुलांनो, तुमचं वजन किती? शेवटचं कधी केलं होतं?

आमच्या घाटघरच्या शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी वजनकाट्यापुढे रांग लागते, तेव्हा मोठी गंमत असते. एरवी कबड्डीत चार जणांना शिवून येणारा पोरगा काट्यावर चढला की एकदम गप्प. "गुरुजी, माझं मोठ्यानं सांगू नका ना!" असं हळूच कानाशी म्हणतो. कारण पाचवीत असून बावीस किलो हे ऐकलं की मागून कुणीतरी 'काडी पैलवान' म्हणतंच. आयाही काळजीत असतात. "अंगच धरत नाही हो, काय करू?" असं विचारतात. तर अशा सगळ्या काडी पैलवानांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आज ही गोष्ट.

घाटघर म्हणजे जुन्नर तालुक्याचं पार पश्चिमेचं टोक. मागे जीवधन किल्ला, पुढे नाणेघाट, पावसाळ्यात धुकं इतकं की शाळेची घंटा ऐकू येते पण शाळा दिसत नाही. आमच्या तालुक्यात जत्रा आली की कुस्त्या आल्याच. आधी लहान पोरांच्या, रेवड्यांवर. तिथे जोड कशी लावतात, पाहिलंय ना? दोन पोरांना शेजारी शेजारी उभं करायचं, उंची बघायची, खांदा चाचपायचा आणि म्हणायचं, "हां, बरोबरीचे आहेत, लावा हात!" सगळा नजरेचा अंदाज. कधी जमतो, कधी साफ चुकतो आणि बिचारं एखादं पोर आभाळ बघतं.

जगाच्या स्पर्धेत मात्र अंदाज चालत नाही. तिथे कुस्ती असो की मुष्टियुद्ध, आधी काट्यावर उभं राहायचं. जितकं वजन, तितक्याच वजनाच्या गड्याशी झुंज. या वजनगटांची नावं तर ऐका. अगदी हलका तो फ्लायवेट. फ्लाय म्हणजे माशी. त्याच्या वरचा बँटमवेट. बँटम ही कोंबड्याची एक बुटकी, पण भारी भांडकुदळ जात. मग फेदरवेट, म्हणजे पिसासारखा! माशीपेक्षा पीस जड कसं, हे मला विचारू नका. नावं ठेवणाऱ्यांना विचारा.

आता 1952 हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात माशी आणि कोंबडा दोघांनीही मोठी करामत केली.

आधी माशी. 19 मे 1952 रोजी टोकियोत योशिओ शिराई नावाच्या मुष्टियोद्ध्याने हवाईच्या डॅडो मारिनोला हरवलं आणि फ्लायवेटचं जगज्जेतेपद मिळवलं. जपानचा हा पहिला जगज्जेता. वजन जेमतेम 51 किलोच्या आत! दुसऱ्या महायुद्धात जपान हरला होता, शहरं बेचिराख झाली होती, लोकांना पोटभर खायला नव्हतं. शिराई युद्धात नौदलात होता. युद्ध संपल्यावर तो पुन्हा सराव करू लागला, पण शरीर साथ देईना. 1948 साली एका अमेरिकन माणसाने त्याला सराव करताना पाहिलं. या माणसाचं नाव अॅल्विन कान. ते मुष्टियुद्धातले मुळीच नव्हते! ते होते जीवशास्त्रज्ञ, जपानच्या समुद्रातल्या अन्नाची पाहणी करायला आलेले. पण त्यांनी ओळखलं की या पोराच्या हातात वेग आहे, कमी आहे ती अन्नाची आणि शिकवणाऱ्याची. त्यांनी शिराईला चांगलंचुंगलं खाऊ घातलं, तब्येत सांभाळली आणि मार चुकवून मारायचं कसं हे शिकवलं. चार वर्षांनी तो जगज्जेता झाला. पुढे चार वेळा त्याने ते पद राखलं आणि 1954 साली अर्जेंटिनाच्या पास्कुअल पेरेझने ते हिसकावून घेतलं.

आता कोंबडा. हा मात्र आपला, सातारा जिल्ह्यातला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा. खाशाबा दादासाहेब जाधव.

15 जानेवारी 1926 चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरात कुस्तीच. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हत्तीसारखा माणूस येतो, पण खाशाबा लहानखुरे होते. त्यांची सगळी मिरास चपळाईत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

1948 साली लंडनला ऑलिंपिक झालं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची मदत केली आणि खाशाबा बोटीला लागले. तिथे त्यांनी गादीवर पाय ठेवला आणि फरक कळला. आपल्या लाल मातीत पाय रुततो, पकड बसते, आणि चितपट केल्याशिवाय कुस्ती सुटत नाही. गादीवर पाय सरकतो, घड्याळ चालू असतं आणि पंच गुण मोजत असतात. म्हणजे मराठी शाळेतल्या हुशार मुलाला एकदम इंग्रजीत पेपर द्यावा तसंच की! तरीही रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराचं मार्गदर्शन मिळालं आणि फ्लायवेट गटात आपला गडी सहावा आला.

पुढची चार वर्षं खाशाबांनी अंग मोडून मेहनत केली. वजनगटही एक पायरी वर नेला, बँटमवेट, 57 किलो. पण 1952 साली निवडीच्या वेळीच अडचण आली. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते रडत बसले नाहीत. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि समोरच्याला चितपट करून दाखवलं.

निवड झाली, पण जायचं कसं? फिनलंडमधलं हेलसिंकी म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला. मुंबई सरकारने चार हजार रुपये दिले. ते पुरेनात. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरी हात तोकडेच. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचं घर म्हणजे बहुधा आयुष्याची सगळी कमाई. ते एका विद्यार्थ्याच्या दोन पायांवर लावायचं, याला काय म्हणाल? मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून विचारतो. माझ्याने झालं असतं का, सांगता येत नाही.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनी असे एकेक देशाचे पैलवान खाशाबांनी मागे टाकले. आता शेवटच्या टप्प्यात उरले दोन तगडे गडी. एक सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव. दुसरा जपानचा शोहाची इशी.

हा इशी मूळचा ज्युडोचा खेळाडू. पण युद्ध हरल्यावर अमेरिकन अंमलात जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे जपानचा इशी ज्युडो सोडून आलेला, आणि आपला खाशाबा लाल माती सोडून आलेला. दोघंही परक्या गादीवर! ही झुंज चांगली पंधरा मिनिटं चालली आणि अगदी थोडक्यात इशीच्या बाजूने गेली.

इथे जरा थांबा. दोन कुस्त्यांच्या मध्ये पैलवानाला निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, असा नियम होता. खाशाबांना ती मिळाली नाही. एवढी दमवणारी कुस्ती झाल्यावर दुसऱ्या कुस्तीला लगेच पुकारा झाला. त्या वेळी पंचांपुढे जाऊन "नियमाप्रमाणे आमच्या गड्याला अर्धा तास द्या" असं म्हणणारा एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा एकटे. परका मुलूख. ते तसेच गादीवर उतरले आणि हरले. सुवर्ण इशीला, रौप्य मामेदबेयोवला, कांस्य खाशाबांना.

विश्रांती मिळाली असती तर ते जिंकलेच असते, असं मी म्हणणार नाही. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेलं एकमेव सुवर्ण इशीचंच होतं, तो काही ऐरागैरा नव्हता. पण तो अर्धा तास खाशाबांच्या हक्काचा होता. काट्याने दोघांना सारखं केलं, पुढचं काम माणसांचं होतं. शिराईच्या कोपऱ्यात कान उभे होते. खाशाबांचे खर्डेकर सर हजारो मैलांवर कोल्हापुरात होते.

तरीही स्वतंत्र भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हॉकीच्या संघाने त्याच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण आणलं होतं, त्यामुळे दिल्ली-मुंबईचं लक्ष तिकडे. कऱ्हाडकरांचं मात्र नव्हतं! शंभरावर बैलगाड्या, ढोल, लेझीम, फटाके. एरवी पाव तासाचा गोळेश्वरचा रस्ता, त्याला सात तास लागले असं सांगतात.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तितकंसं गोड नाही. 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. बढतीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहून साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. 2000 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला 2010 साली त्यांचं नाव दिलं गेलं. 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडलं, तेही टेनिसमध्ये, लिअँडर पेसकडून. आणि महाराष्ट्राला? तब्बल 72 वर्षं! 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणलं. त्याच्या मागे दीपाली देशपांडे या प्रशिक्षिका कित्येक वर्षं उभ्या होत्या.

जपानचं काय? तिथे हलक्या वजनाचे मुष्टियोद्धे आजही एकामागून एक निघतात. नाओया इनोउए हा त्यातला आजचा मोठा गडी. 2022 साली त्याने बँटमवेटचे चारही पट्टे एकट्याने जिंकले, आणि पुढच्याच वर्षी एक गट वर जाऊन तिथलेही चारही. त्याचे वडीलच त्याचे वस्ताद, बरं का.

हां, खर्डेकर सरांच्या गहाण घराचं काय झालं, हे सांगायचं राहूनच गेलं. हेलसिंकीहून परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचा फड भरवला आणि स्वतः आखाड्यात उतरले. पदक जिंकलेला गडी लढणार म्हटल्यावर माणसं लोटली. त्या कुस्त्यांतून जे पैसे जमले, त्यातून त्यांनी पहिलं काम कुठलं केलं असेल? सरांचं घर सोडवलं.