पाण्याचा पंप रुसला तर…

मिक्सर बिघडला तर पाटा-वरवंटा काढता येतो. गॅस संपला तर शेजारीण चार पोळ्या भाजून देते. पण हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप बंद पडला, की अख्खं घर अडून बसतं. आणि तो बंद पडतो तोही नेमका धुणं भिजत घातल्यावर! मग मेकॅनिकला निरोप, त्याची वाट पाहणं, आणि तो आला की ठरलेलं वाक्य : "बाई, वाइंडिंग जळालंय."

वाइंडिंग सहसा एकाएकी जळत नाही. त्याआधी बरेच दिवस पंप काही ना काही सांगत असतो. आवाज बदलतो, टाकी भरायला वेळ लागतो, खाली थेंब पडतात. ते सारं पाहणारं-ऐकणारं माणूस घरात बहुधा तुम्हीच असता. मग त्याचा अर्थही तुम्हालाच कळायला नको का?

आधी थोडी ओळख

घरगुती पंप म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन यंत्रं. मागे विजेची मोटर आणि पुढे पाण्यात गरगर फिरणारं चक्र, म्हणजे इंपेलर. बहुतेक घरांत अर्ध्या किंवा एक हॉर्सपॉवरचा पंप असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट.

पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो. खरं तर तो खालच्या पाइपातला दाब कमी करतो, आणि हौदातल्या पाण्यावर रेललेली बाहेरची हवा ते पाणी वर ढकलते. हवेच्या या वजनाची गोष्ट इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४४ साली एका पत्रात मांडली होती. हवेचा हा रेटा फार तर ३३-३४ फूट पाणी चढवू शकतो. व्यवहारात २० ते २५ फुटांच्या पुढे वर बसवलेला पंप हात टेकतो. विहीर त्याहून खोल असेल तर पाण्यात बुडून चालणारा पंपच हवा. आणि हेही लक्षात ठेवा, की खालच्या पाइपाला सुईएवढं भोक पडलं तरी हवा तिथूनच आत शिरते आणि पाणी खालीच राहतं.

हात लावण्यापूर्वी

नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून बाहेर काढा, किंवा त्या लाइनचा मेन बंद करा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली ओल नको. मोटरीच्या पाठीवरच्या डबीत कंडेन्सर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहू शकतो, म्हणून ती डबी आपण उघडायची नाही.

मोटर फिरते, पण पाणी येत नाही

ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. प्रथम पंप बंद करा. पाण्याशिवाय तो चालत राहिला, तर दांड्याभोवतीचं सील तापून खराब होतं, कारण त्याला गार ठेवायचं काम पाणीच करत असतं.

आता हौदात पाणी आहे ना, ते पाहा. हसू नका, बऱ्याचदा तेच संपलेलं असतं! पाणी असेल, तर पंपानं हवा धरली आहे असं समजा. पंपाच्या माथ्यावरचा बूच उघडून तांब्याने हळूहळू पाणी ओता. बुडबुडे थांबून पाणी काठोकाठ आलं, की पाच-दहा मिनिटं थांबून नीट निरखा.

पाणी तसंच राहिलं तर बूच घट्ट लावून पंप चालू करा. पाणी उतरलं तर पाइपाचे सांधे पाहा. एखादा सांधा ओला झाला असेल तर दोष तिथेच. सगळे कोरडे असून पाणी उतरलं, तर पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळतोय. बहुधा त्याच्या झडपेत कचरा किंवा वाळूचा कण अडकलेला असतो. पाइप वर काढून जाळी आणि झडप स्वच्छ धुतली की पुष्कळदा काम होतं. त्यासाठी बंद हौदात मात्र कोणालाही एकट्याने उतरवू नका. आतली हवा घातक असू शकते.

पंप चालू असताना खालच्या पाइपाचा सांधा गळत नाही, उलट हवा पितो. त्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही. वर टाकीत पाणी फडफडत, बुडबुड्यांसकट पडत असेल तर हाच संशय घ्या. सांध्यावर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला की चोर सापडला.

मोटर 'घूं' करते, पण फिरत नाही

अशा वेळी "बघू, होईल सुरू" म्हणून बटण दाबून धरू नका. न फिरणारी मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज खाते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत वाइंडिंगचा वास सुटू शकतो.

आधी दिवे मंद आहेत का पाहा. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं, तर मोटरीचा सुरुवातीचा जोर ६० टक्क्यांच्या आसपास उरतो. तेव्हा व्होल्टेज सुधारेपर्यंत थांबलेलं बरं.

दिवे ठीक असतील तर पिन काढा. काही मोटरींच्या मागे, दांड्याच्या टोकाला खाच असते. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून दांडा फिरवून पाहा. सुट्टीवरून परतल्यावर, किंवा पंप बरेच दिवस बंद राहिल्यावर, आत गंज धरून इंपेलर अडकतो. हाताने दोन-चार वेढे दिले की तो मोकळा होतो. दांडा सहज फिरतोय, तरीही मोटर नुसतीच घूं करते? मग बहुधा कंडेन्सर गेला. तो बदलायचं काम मेकॅनिकचं, पण ते लहान काम आहे, वाइंडिंगचं नव्हे. हा फरक ठाऊक असणं फार मोलाचं!

थेंब आणि खरखर

मोटर आणि पंप यांच्यामधून पाणी टपकत असेल तर सील गेलं. "थेंबच तर आहेत" म्हणून खाली वाटी ठेवून चालवू नका. ते पाणी दांड्यावरून बेअरिंगकडे जातं, बेअरिंग गंजतं, खरखरू लागतं, आणि ओल वाइंडिंगपर्यंत पोहोचली की मोटर जळते. एवढ्याशा सीलपायी अख्खी मोटर जाते ती अशी.

इथे मात्र थांबायचं

पंपाला, पाइपाला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पुढची तपासणी नको. मेन बंद करा, मुलांना दूर ठेवा आणि वायरमनला बोलवा. पंपाला तीन पिनांची जोडणी आणि खरोखर चालू असलेलं अर्थिंग हवंच. शिवाय ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. बसवून घ्या. तो माणसाचा जीव वाचवतो. मेनमधला साधा एम.सी.बी. तारा जळू नयेत म्हणून असतो, शॉकपासून वाचवायला नव्हे.

आणखी एक. पंप थेट नगरपालिकेच्या नळाला जोडू नका. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई आहेच, पण शेजारणीचं पाणी पळतं, आणि फुटक्या पाइपातून गटाराचं पाणी ओढलं जाऊन आपल्याच माठात येतं.

एक छोटी नोंद

पंप ठणठणीत असताना रिकामी टाकी भरायला किती मिनिटं लागतात, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर महिन्याला एकदा घड्याळ लावून पाहा. पंचवीस मिनिटांची पस्तीस झाली, की जाळी तुंबली, हवा शिरतेय किंवा इंपेलर झिजला असं समजावं.

मेकॅनिकला बोलावताना नुसतं "पंप बंद आहे" म्हणू नका. "मोटर घूं करते, दांडा हाताने फिरतो, व्होल्टेज ठीक आहे," असं सांगा. तो कंडेन्सर खिशात घालूनच येईल. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि बिलावर काय बदललं ते लिहून घ्या. प्रश्न विचारणाऱ्या बाईला "वाइंडिंग जळालंय" असं सहज सांगायला कोणी धजत नाही, बरं का!