रविवारी सकाळचं पोटदुखणं



या सदरात आपण रक्तदाब, साखर, गुडघे यांच्याविषयी नेहमी बोलतो. आजचा विषय आपल्या नातवंडांच्या तब्येतीचा आहे. सातवी ते नववीत, म्हणजे हतिवात बेनाईममध्ये शिकणाऱ्या १२ ते १५ वर्षांच्या मुलांना फोनवरून होणारा छळ, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, आमच्या हातात साधा फोन, आम्हांला यातलं काय कळणार? पण शाळेतून आलेल्या मुलाला दुपारी जेवायला वाढणारे बऱ्याच घरांत आपणच असतो. त्यामुळे काही गोष्टी आईबापांच्या आधी आपल्या नजरेला पडतात.

जुनं वाळीत टाकणं, नवी तऱ्हा

चिडवाचिडवी आपल्यालाही नवी नाही. या देशात आलो तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना रंगावरून, हिब्रू उच्चारावरून बोलणी खावी लागली. पण घरी येऊन दार लावलं की ती बाहेर राहत असत. आता ती खिशात बसून घरात येतात, रात्री उशाशी झोपतात.

हा छळ होतो कसा? वर्गाचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप असतो. त्यातून एका मुलाला काढून टाकतात, किंवा त्याला सोडून बाकी सगळे दुसरा ग्रुप काढतात. कोणी त्याचा नको तसा फोटो काढून सगळ्यांना पाठवतं. कोणी खोट्या नावानं घाणेरडं लिहितं. एकानं सुरुवात केली की दहाजण हसण्याची चिन्हं टाकतात. सगळ्यांनी मिळून एकाशी बोलणं बंद केलं, तर इथं त्याला हेरेम म्हणतात. आपल्या मराठीत वाळीत टाकणं.

सातवीत बहुतेक मुलांची शाळा बदलते, जुने मित्र पांगतात. त्या वयात मैत्रिणींनी पाठ फिरवली तर जग संपल्यासारखं वाटतं. मोठ्यांनी "त्यात काय एवढं" म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये.

शरीर आधी बोलतं

मी अनेक वर्षं कुपात होलिममध्ये नर्स होते. मनातलं दुखणं मुलं सांगत नाहीत, पोट दुखतं म्हणून सांगतात. ते नाटक नसतं. मनावर ताण असला की पोट, डोकं खरोखरच दुखतं. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावंच. त्यात काही निघालं नाही, तर हे पाहावं:

• दुखणं फक्त शाळेच्या दिवशी येतं का? शब्बाथ संपला, फोन हातात आला, आणि रविवारी सकाळी पोट धरलं, असं होतं का?
• झोप उडाली आहे का? आवडीचं जेवणही ताटात राहतं का?
• फोन वाजला की चेहरा उतरतो का? आपण जवळ गेलो की फोन लपवला जातो का?
• मित्रांचं येणंजाणं एकाएकी थांबलं का?

यातली एखादी गोष्ट एखाद्या दिवशी कोणाच्याही घरी दिसेल. दोनतीन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर मात्र गप्प बसू नये.

काय करावं

पहिली गोष्ट: फोन हिसकावू नये. "फेकून दे तो फोन" हे आपल्या तोंडी लगेच येतं. पण फोन जाईल या भीतीनंच पुष्कळ मुलं घरी सांगत नाहीत. ज्याचा छळ झाला, शिक्षाही त्यालाच, असं त्याला वाटतं.

आमच्या इमारतीतल्या एका आजींना हिब्रू बेताचंच येतं. नात जेवेना, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाळा, तुला कोण त्रास देतं?" आणि भाजी निवडत शेजारी बसून राहिल्या. अर्ध्या तासानं मुलगी रडत बोलली. आजींना त्यातले निम्मे शब्द कळले नसतील, पण मुलगी बोलली हे महत्त्वाचं.

मुलानं सांगितलं की, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" असं म्हणावं. कोणालाही सांगणार नाही, असं वचन मात्र देऊ नये. त्याला सांगूनच आईबापांच्या कानावर घालावं. आलेले संदेश पुसून टाकू नयेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत, तो पुरावा आहे. मग आईबापांनी वर्गशिक्षिकेला आणि शाळेतल्या येओएत्सेतला, म्हणजे समुपदेशक बाईंना भेटावं.

इंटरनेटवर मुलांना होणाऱ्या त्रासासाठी सरकारनं २०१८ साली १०५ हा क्रमांक सुरू केला. तिथं पोलीस असतात आणि मुलांविषयीचे जाणकारही. रात्रीअपरात्री फोन केला तरी चालतो. कोणाचा लैंगिक स्वरूपाचा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय पसरवणं हा २०१४ पासून इथं गुन्हा आहे, आणि वयाच्या १२ व्या वर्षापासून मुलावर गुन्ह्याची जबाबदारी येते. तेव्हा आपलंच नातवंड असं काही पुढे पाठवत असेल, तर त्यालाही हे समजावून सांगायला हवं. लाडकं असलं तरी.

एक गोष्ट विसरू नका

"मी नसते तर बरं झालं असतं", "मला जगायचंच नाही" असं मूल बोललं, तर ते रागाचं बोलणं म्हणून सोडू नये. त्याला एकटं ठेवू नये. मनाला आधार देणाऱ्या एरानच्या १२०१ या क्रमांकावर फोन करावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावं. जीवाला धोका दिसला तर १०१ फिरवावा.

१०५, १२०१ आणि १०१ हे तिन्ही आकडे आज एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. नातवंडांना तुमच्या औषधांच्या वेळा पाठ असतात. त्यांचं दुखणं कोणत्या दिवशी येतं, तेवढं आपण ध्यानात ठेवू या.