आरोग्यसेविका: सुईणपणासाठी घडवलेली, नोंदवहीत अडकलेली

खेड्यात ‘सिस्टर आल्यात’ असं कुणी म्हणतं, तेव्हा ती बहुधा उपकेंद्राची आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ) असते. सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष आहे. गरोदर बाईची नोंद, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, बाळाचं लसीकरण, तांबी, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन हे सगळं तिच्याकडे. त्यावर हिवतापाचे रक्तनमुने, साथीची सर्वेक्षणं आणि रात्रीपर्यंत न संपणारी ऑनलाइन माहिती. या कामांतलं एकही फालतू नाही. पण ज्या कामासाठी हे पद निर्माण झालं, ते बाळंतपण तिच्या हातून निसटलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्याही हाती पूर्णपणे गेलं नाही. आपल्याकडच्या मातृ-बाल आरोग्याचं आजचं मोठं उणेपण इथेच आहे, असं माझं मत आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एएनएमचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा तिनं गावात राहून बाळंतपणं करावीत हीच अपेक्षा होती. १९६०च्या दशकात कुटुंबनियोजनाची टार्गेटं आली. मग १९७३च्या कर्तारसिंग समितीनं तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरवलं आणि पुढे दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. कात्री लागली त्यात सुईणपणाचा भागही होता. टार्गेटची पद्धत १९९६ साली अधिकृतपणे गेली, पण तोवर ‘ऑपरेशनच्या केसेस शोधणारी बाई’ ही तिची ओळख घरोघर झाली होती. गरोदरपणात जिच्याशी मन मोकळं करायचं, तिच्याविषयीच संशय, हे नुकसान कोणत्याही अहवालात मोजलेलं नाही.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं. हे यश खरं आहे आणि ते कमी लेखणं अन्यायाचं ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. २०१८-२० मध्ये देशातला मातामृत्यूचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ९७ वर, तर महाराष्ट्रात ३३ वर आला होता. मात्र त्याच २०१९-२१च्या सर्वेक्षणात पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजलं गेलेल्या बाळांचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यासाठी ना यंत्र लागतं ना औषध, फक्त बाळंतिणीजवळ थांबणारं शिकलेलं माणूस लागतं. दहातल्या नऊ बायका दवाखान्यात पोचल्या, आणि निम्म्याहून अधिक बाळांना तो तास मिळाला नाही. म्हणजे आपण जागा बदलली. सोबत मात्र दिली नाही.

ही सोबत म्हणजे नुसता धीर नव्हे. बाळ बाहेर येताच कोरडं पुसून आईच्या पोटावर ठेवायचं, रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कनं श्वास द्यायचा. त्याच मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची. वार पूर्ण पडली का ते उलटून-पालटून पाहायचं. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का आणि अंगावरून किती जातंय ते बघायचं. बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव पुष्कळदा अशा बाईला होतो, जिच्यात आधी धोक्याचं एकही लक्षण नव्हतं. जिच्यामागे पूर्ण वॉर्ड, ओपीडीची हाक आणि रजिस्टर आहे, त्या नर्सकडून हे दोन तास मागणंच चूक आहे.

यावर कुणी म्हणेल, मग चेकलिस्ट द्या, प्रशिक्षण द्या. हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं आहे. उत्तर प्रदेशातल्या १२० सरकारी केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मार्गदर्शकांच्या मदतीनं नर्सेसच्या कामात स्पष्ट सुधारणा दिसली, पण आई-बाळांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. चेकलिस्ट काय करायचं याची आठवण देते. निर्णयाची पारख, रोजचा सराव, हाताशी औषध आणि वेळेत पुढे पाठवण्याचा अधिकार ती देऊ शकत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

डॉक्टरांचा आक्षेप अधिक गंभीर आहे: गुंतागुंत सांगून येत नाही, मग नर्सच्या भरवशावर बाळंतपण कसं सोडायचं? सोडायचं नाहीच. निरोगी बाईचं बाळंतपण नर्सनं करावं, बिघडताच डॉक्टर हाताशी असावा, ही विभागणी आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या साध्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देववलं, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. नीट शिकवलेल्या आणि पाठीशी व्यवस्था असलेल्या हातांवर विश्वास टाकता येतो, याचा हा आपल्याच मातीतला पुरावा. उलट २०१९-२१च्या सर्वेक्षणात खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझेरियनचं प्रमाण ४७ टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हा केवळ डॉक्टर असणं म्हणजे सुरक्षितता, हेही गृहीत धरता येत नाही.

गर्भनिरोधनाचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, पण तो निर्णय कळा सुरू असताना विचारायचा नसतो. तो सातव्या-आठव्या महिन्यातल्या शांत बोलण्यात व्हायला हवा, नवऱ्यालाही सोबत घेऊन. २०१९-२१च्या सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के होती. ओळखीची सिस्टर हे बोलणं करू शकते, दर खेपेला बदलणारा चेहरा नाही.

केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या नर्सेसना दीड वर्षाचं प्रशिक्षण आणि त्यांनी चालवायचे वेगळे प्रसूती कक्ष, अशी ती योजना आहे. दिशा योग्य आहे, मात्र तिच्यात एएनएमसाठी थेट वाट नाही. गावोगाव बाळंतिणीला ओळखणारी तीच असताना अनुभवी एएनएमसाठी पुढच्या शिक्षणाची पायरी उघडायला हवी. आणि लेबर रूममध्ये तयार झालेल्या सिस्टरची सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदली करण्याची पद्धत तर कोणताही नवा निधी न मागता याच वर्षी बंद करता येईल.