शिखराहून जुनं थडगं

चेन्नईतल्या मयिलापूरला कपालीश्वराचं दर्शन घेऊन समुद्राच्या दिशेने चालू लागलं की सान्थोम चर्चचं पांढरंशुभ्र, टोकदार शिखर दिसू लागतं. उंची सुमारे १५५ फूट. येणारा जाणारा त्याचा फोटो काढतो. पण गॉथिक वळणाची ही इमारत तशी अलीकडची, १८९६ साली पुरी झालेली. जुनी आहे ती तिच्या खालची जागा. येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमसला इथे पुरलं, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच रोमचं सेंट पीटर आणि स्पेनमधलं सांतियागो या शिष्यांच्या थडग्यांवरच्या चर्चच्या जोडीने सान्थोमचं नाव घेतलं जातं.

परंपरेप्रमाणे थॉमस इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि ७२ मध्ये आजच्या सेंट थॉमस माउंटवर भाल्याने मारला गेला. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. जागेची ख्याती मात्र पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. यात्रेकरू इथली लालसर माती नेतात आणि तापकऱ्याला पाण्यातून देतात, असं मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलं आहे. पोर्तुगीजांनी थडगं उकरलं ते १५२३ मध्ये. मग त्यावर चर्च उभं केलं. १५४५ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर इथे काही महिने राहिले. पूर्वेकडे पुढे जावं की नाही, याचा कौल ते या थडग्यापाशी मागत होते. तो मिळाला आणि ते मलाक्क्याकडे निघाले.

त्याच झेवियरांचं शव आज जुन्या गोव्यात, बॉम जेझू चर्चमध्ये आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात आणि लाखो लोक रांगा लावतात. सान्थोमला तसं पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. थॉमसच्या अस्थी फार पूर्वीच एडेसाला गेल्या, तिथून खिऑस बेटावर आणि १२५८ मध्ये इटलीतल्या ओर्तोनाला. इथे राहिला एक लहानसा अवशेष. तरी माणसं येतात, थडग्यापाशी गुडघे टेकून बसतात. देह नसताना टिकलेली ही भक्ती मला त्या शिखराहून मोठी वाटते.

थडग्याच्या तळघराला आता चर्चच्या मागून वेगळा जिना आहे, त्यामुळे वर प्रार्थना चालू असली तरी खाली जाता येतं. चेन्नईला गेलात तर फोटो नंतर काढा. आधी तो जिना उतरा आणि घटकाभर तिथे बसा.